फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

जानेफळ, मानमोडीच्या साथीचं वर्ष

जावईबापू शेषराव यांस रामराम.

तेरवीच्या दिवशी तुम्ही विचारलं, "मामाजी, कार्डाचा कोपरा कोणं फाडला?" मी म्हणालो, "टपालात फाटला असन." ते खोटं होतं. खरं इथं लिहितो, पण हे धाडायची छाती मला होणार नाही.

माझी लेखणी भाड्याची. तहसिलीचे अर्ज, लग्नपत्रिका, काढ्याच्या बाटलीची जाहिरात, अमरावतीच्या एका साप्ताहिकाला बातम्या, जो सांगेल त्याचं लिहितो. यंदा मानमोडीचा ताप गावात शिरला आणि दिवसाला पंधरा-वीस मरणाची कार्डं लिहू लागलो. अशा कार्डाचा कोपरा फाडावा लागतो, म्हणजे घेणाऱ्याला हातात पडताच कळतं. हात लवकर चालावा म्हणून मी सकाळीच सगळ्या गठ्ठ्याचे कोपरे फाडून ठेवायचो.

त्याच गठ्ठ्यातलं एक उचलून मी कोकिळेला लिहिलं, 'तुझ्या आईला उतार आहे. इकडे ताप फार, येऊ नको.'

तुम्ही शेतातून येऊन ते वाचलंत, तोवर ती उंद्रीहून गाडी जुंपून निघाली होती. आईला ओसरीवर बसलेली पाहून ती म्हणाली, "बाबा, मंग कोपरा काऊन फाडला?" पाचव्या दिवशी तापानं ती गेली.

सगळ्या गावाचं लिहून देण्यात माझी हयात गेली, जावईबापू. स्वतःच्या पोरीला मी एक अक्षर शिकवलं नाही. तिला फक्त कोपरा वाचता येत होता.

तुमचा सासरा,
गोंदाजी