पाळी डब्याची

अण्णा, परवा वॉर्डातली चार माणसं घरी येऊन गेली. नगरपालिकेतली आपल्या भागाची जागा या खेपेला बायकांसाठी राखीव झाली आहे, आणि तिथं मी उभं राहावं असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "बाबांनो, मी घर सांभाळणारी बाई. मॅट्रिक झाले त्यालाही जमाना लोटला. भाजी आणली की तिचा खर्च मांडून ठेवायचा, एकादशी धरायची, तेल बेतानं घालायचं, एवढंच मला येतं." त्यातला एक जण हसला आणि म्हणाला, "काकू, तुमचे वडील तरी कुठं वकील होते? गिरणीच चालवायचे ना? तरी उभे राहिलेच की." ती माणसं गेली, मी देवापुढं दिवा लावला, आणि मला वाटलं की याचं उत्तर त्या पोराला देण्याऐवजी तुम्हालाच द्यावं. तुम्ही हयात असताना तुमच्याशी एवढं लांबलचक बोलायची माझी छाती नव्हती. आता आहे.

लोकांना वाटतं, माणूस आधी पैसा करतो आणि मग त्याला खुर्ची सुचते. तुमचं तसं झालं नाही. पेडगावकडच्या कोरडवाहू रानातून उठून तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेलात, इंजिनाला तेलपाणी करता करता त्याचा स्वभाव शिकलात, आणि त्या कारखान्यानं मोडीत काढलेलं इंजिन बैलगाडीवर लादून गावात आणलंत. निजामाचं राज्य होतं, आणि पिठाची गिरणी म्हणजे आपल्या गावाला नवलच होतं. बाजाराच्या टोकाला पत्र्याचं शेड, आत दगडाची चक्की, बाहेर लिंबाचं झाड. सकाळी धुराड्याचा पुक्-पुक् आवाज सुरू झाला की आई म्हणायची, "लागले बघ तुझे अण्णा बोलायला." बायका येत त्या तक्रार घेऊनच येत. "इंजिनाचं पीठ लय गरम हाय, भाकरीला चिरा पडायल्यात." तुम्ही तेलकट फडक्याला हात पुसत सांगायचात, "मावशी, जात्याचं पीठबी गरमच असतंय. तुमी सवता घामानं गरम झालेल्या असताव म्हून कळत न्हाई." त्या हसायच्या, आणि दुसऱ्या बाजाराला पुन्हा डबा घेऊन यायच्या.

डबे ओळीनं लावायची पद्धत तुमचीच. बाईनं डबा ठेवायचा आणि खुशाल रानात किंवा घरी जायचं; ती नसली तरी तिची पाळी कुणी मोडायची नाही. एकदा तहसील कचेरीचा चपराशी गव्हाचं पोतं घेऊन आला आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला. "साब का गेहूं है, पैले पीसो." तुम्ही त्याच्या हातातलं पोतं घेतलंत, ओळीच्या शेवटाला नेऊन ठेवलंत, आणि म्हणालात, "साहेबांचंच दळणार हाय. पाळी डब्याची असती, माणसाची न्हाई." तो म्हणाला, "ये तो डब्बा नै, बोरा है." तुम्ही म्हणालात, "असू द्या. आमी त्याला डबाच समजू." सगळी ओळ खदखदा हसली. चपराश्याचं तोंड आधी लाल झालं, मग त्यानं लिंबाखाली बसून बिडी पेटवली. ते हसू गावभर फिरलं, आणि माझ्या मते तुमचं राजकारण त्याच दिवशी सुरू झालं. तुम्हाला तेव्हा ते ठाऊक नव्हतं एवढंच.

पण त्या लिंबाखाली अजून कुणी बसलेलं होतं. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायकांचे डबे तेव्हा ओळीत लागत नसत. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांचं दळण सगळ्यांचं झाल्यावर. चक्कीच्या दगडात मागच्याचं थोडं पीठ राहतंच. पुढचं धान्य पडलं की ते त्याच्या डब्यात उतरतं. म्हणून त्यांचं शेवटी, आणि नंतर दगड झाडून घ्यायचे. तुम्हीही तेच करत होतात. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईला सगळे आक्का म्हणत. चपराशी गेल्यावर ती उठली आणि सरळ विचारलं, "मालक, पाळी डब्याची म्हणताव. मग आमचा डबा न्हाई व्हय?" तुम्ही इंजिनाशी उगीच खुडबुड केलीत. मग तिचा डबा उचलून ओळीत लावलात.

गावात कुजबुज झाली. त्यावर तुम्ही तोड काढलीत: आक्काच्या वस्तीतला डबा आला की त्याच्यामागं आपल्या घरचा डबा लावायचा. उतरायचं ते पीठ आपल्या डब्यात उतरेल, कुणाला बोलायला जागा नको. तुम्हाला वाटलं, फार शहाणपण केलं. आक्कानं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मालक, आमचं पीठ गाळायला तुमच्या घरची चाळणी लावली व्हय? आन् आमच्या म्होरलं कुणाचं पीठ आमच्या डब्यात उतरतंय, ते आमी कधी इचारलं का?" तुम्ही मान खाली घालून हसलात. त्या दिवसापासून आपला डबा आपल्या पाळीनं लागायला लागला. चार घरांनी रागानं गिरणी सोडली आणि माळ्यावरची दगडी जाती खाली काढली. त्यांचे दंड भरून आले तशी ती परत आली, पण राग घरात ठेवूनच.

मग बलदियाची निवडणूक लागली. नगरपालिकेला तेव्हा बलदिया म्हणत आणि तिचा कारभार उर्दूत चाले. गावच्या हौदावर अडत दुकानवाल्या शेठची गडीमाणसं आधी पाणी भरत, त्यांचे बैल आधी पीत, आणि मग उरलं तर गावाच्या घागरी. शिंपी, तेली, बांगड्यांवाले चाचा असे बाजारातले लोक एका संध्याकाळी आपल्या ओट्यावर येऊन बसले. शिंपी म्हणाले, "गिरणीवाले, बलदियात आता तुमी बसा." तुम्ही म्हणालात, "मला उर्दूचं अलिफबी येत न्हाई." चाचा म्हणाले, "हौद पे लाइन लगाने को अलिफ काय कू होना?" आई दाराआड पदर तोंडाला लावून हसली, ते मी पाहिलं. तुमच्यासमोर शेठच उभे होते. घरपट्टी भरणाऱ्या मोजक्या माणसांनाच मत होतं, आणि रागानं गिरणी सोडलेली ती चार घरं त्यांतच होती. शेठनं नेमकी तीच दुखरी जागा धरली.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी तुमची भाकरी घेऊन गिरणीवर आले होते. शेठ समोरच्या हॉटेलातून उठून आले, मागं दहा माणसं. "गिरणीवाले, एकच इचारतो. लोकाच्या घरात हे मिसळीचं पीठ घालताव. तुमच्या खंडोबाला कंचं पीठ घालताव?" तुम्ही चक्कीचा पट्टा उतरवून इंजिन बंद केलंत. आवाज थांबला तशी सगळ्या बाजाराला उत्तर ऐकू जाईल अशी शांतता झाली. तुम्ही म्हणालात, "हेच. माझ्या देवाला दुसरं पीठ न्हाई. खोटं निघालं तर मला मत देऊ नका." आणि भाकरी तिथंच ठेवून मी निघाले, अण्णा. कारण मला माहीत होतं की ते खरं नाही. आपण खात होतो ते पीठ गिरणीचं. पण देवाचा नैवेद्य आई सोवळ्यानं जात्यावर दळायची. तुम्ही दिवस उगवायच्या आत इंजिनाकडं निघून जायचात, तुम्हाला कुठून कळणार? शेठच्या बायकोला मात्र कळायला किती वेळ लागला असता? तिची आणि आपली परसभिंत एकच होती.

मी पळत घरी आले. आई जात्याशीच बसली होती. उद्याच्या नैवेद्याच्या रोडग्याची बाजरी अर्धी दळून झालेली, अर्धी सुपात. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं जात्याचा खुंटा धरला तो सोडलाच नाही.

"सगळ्यांम्होरं बोलले?"

"सगळ्यांम्होरं. मत देऊ नका म्हणले."

"बाई गं. मला इचारून तरी बोलायचं!"

मग ती देव्हाऱ्याकडं पाहत राहिली. तिचं सोवळं किती कडक होतं, ते मला ठाऊक. ओल्या लुगड्यात थंडीनं कुडकुडत नैवेद्य करणारी बाई ती. "देवा," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे, "तुझं सोवळं तू सांभाळ. ह्यांचा शब्द मला सांभाळू दे." दळून झालेलं पीठ तिनं घरच्या पिठात ओतलं, सुपातली बाजरी डब्यात भरली, डोक्यावरून पदर घेतला आणि निघाली. आई तोवर कधी गिरणीवर आली नव्हती. भर बाजारातून ती डबा कडेवर घेऊन चालली, मी मागं. शेठ आणि त्यांची माणसं अजून हॉटेलात चहा पीत होती.

ओळीच्या शेवटी आक्काचा डबा होता. आईला पाहून आक्कानं तो बाजूला सारायला हात घातला. "वैनी, देवाचं दळण हाय ना? तुमी म्होरं ठिवा."

"न्हाई आक्का. राहू दे." आईनं आपला डबा आक्काच्या डब्याला टेकवून मागं ठेवला. "पाळी डब्याची हाय. देवाला घाई न्हाई."

आक्कानं हात मागं घेतला. मग म्हणाली, "तुमच्या देवाला आमच्या बाजरीचा कण गेला तर गोड लागंल बघा. औंदा बाजरी लय चांगली पिकलीया." आई हसली. ते हसू घाबरलेलं होतं, पण होतं. हॉटेलातून शेठ आणि त्यांची माणसं हे सगळं बघत होती. आणि तुम्ही, पिठानं पांढऱ्या भुवयांनी बाहेर डोकावलात आणि विचारलंत, "आज इकडं कुठं?" आई म्हणाली, "पीठ संपलं होतं." तुम्ही "बरं" म्हणून आत गेलात.

त्या रात्री तुम्ही समाधानानं जेवलात. दुसऱ्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, तळी उचलली, येळकोट केला. आई देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. काय बोलली, ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर ते जातं फक्त हळद-मेतकुटापुरतं राहिलं. तुम्ही निवडून आलात, थोडक्यात आलात, पण आलात. लोक म्हणाले, गिरणीवाला बोलला तसा वागला. अण्णा, तुम्ही बोललात तेव्हा ते खोटं होतं. आईनं बाजार उठायच्या आत ते खरं केलं. बलदियातल्या त्या खुर्चीचा एक पाय आईचा होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आज मी सांगते आहे.

बलदियाच्या बैठकीत तुम्ही अध्यक्षांपुढं काय बोललात, ते चाचा नक्कल करून दाखवायचे: "सदर साब, हौद पे घागर की लाइन होना, आदमी की नै." ओळ लागली. आक्काच्या वस्तीच्या घागरी त्या ओळीत यायला मात्र फार वर्षं गेली. तिथं तुमचंही एकट्याचं चाललं नाही, हे मी लपवत नाही. रझाकारांच्या दिवसांत तुम्ही खुर्ची सोडलीत, गिरणी सोडली नाहीत. आणि पोलीस ॲक्शननंतर चाचांच्या मोहल्ल्यातलं कुणी भीतीनं बाहेर पडेना, तेव्हा तुम्ही स्वतः जाऊन त्यांचे डबे आणलेत आणि ओळीत लावलेत. कुणीतरी कुरकुरलं. तुम्ही तेच एक वाक्य म्हणालात आणि पट्टा चढवलात.

त्या चार माणसांना मी आज हो कळवलं आहे. भीती अशी वाटत नाही. नळाला पाणी कधी येतं, कुणाच्या गल्लीत आधी येतं आणि का, हे मला तोंडपाठ आहे, आणि एका रुपयाचा खर्च कुठं गेला ते विचारायची सवय मला जन्माची आहे. तुमच्यासारखा एका वाक्यावर कारभार करता येतो का, ते बघू.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत, म्हणून शेवटचं तेवढं लिहून टाकते. उद्या चंपाषष्ठी. आज रोडग्याची बाजरी घेऊन मी कोपऱ्यावरच्या विजेच्या गिरणीत गेले आणि डबा ओळीच्या शेवटी ठेवला. माझ्या पुढच्या ज्या डब्याचं पीठ नैवेद्यात उतरणार, तो कुणाचा, ते मी विचारलं नाही. पण विचारावंसं वाटलं, अण्णा.