म्हातारीचे पट्टे

प्रिय धाकटीस,

थोरलीचे भरभरून आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत, तुझ्या यजमानांचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे, आणि तुमच्या मागच्या खोलीतली ओल वाळली का, ते सविस्तर कळव. (खोलीचं मी सहज विचारत नाहीये, पुढे वाच.) माझं म्हणशील तर मी ठीक आहे. सूनबाई हल्ली रोज सकाळी माझ्या तब्येतीची चौकशी करते, आणि ज्या घरात इतकी वर्षं कोणी विचारलं नाही तिथे अचानक रोज विचारायला लागले की माणसाने सावध राहिलेलं बरं. आणखी एक. माझी मोठी कात्री तू मागच्या खेपेला येऊन गेल्यापासून दिसत नाहीये. मी कोणावर आळ घेत नाही. तू गेलीस आणि कात्री गेली, एवढंच लिहिते.

तर प्रकरण असं आहे. सूनबाई शाळेत कवायत शिकवायची हे तुला ठाऊक आहे. शाळेने कवायतीचा तासच काढून टाकला आणि बाई घरी बसल्या. नुसत्या बसल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी कुठून तरी स्प्रिंगचे पाय पैदा केले, तेही कोणाचे तरी जुने. तू असलं काही पाहिलं नसशील म्हणून सांगते. पाऊल ठेवायला एक पाटी, तिच्यावर बुटासारखे बंद, मागच्या बाजूला दाबलं की वाकणारी जाड पट्टी, खाली रबराचा खूर आणि वर गुडघ्याखाली पोटरीला आवळायचा पट्टा. हे दोन्ही पायांना बांधायचं आणि उडत सुटायचं. मी पुढच्या खोलीत मशीनवर बसून बॅगेला अस्तर लावत असते आणि खिडकीत सूनबाईंचं डोकं येतं, जातं, परत येतं, परत जातं. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही माझ्यावर लक्ष ठेवतेय. अजूनही मला तसंच वाटतं. ज्याला नुसत्या उड्या मारायच्या आहेत त्याने दर वेळी खिडकीकडेच का बघावं?

मग एके दिवशी बाई दोन्ही पट्टे काढून माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, चिकटपट्टी झिजलीय, ऐन उडीत सुटते, दोन्ही नव्याने करून द्या, तुमच्यासारखी शिलाई कोणाची नाही. झालं, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लग्न होऊन आल्यापासून माझ्या शिलाईबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती, आणि आता थेट कोणाची नाही! मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की गावोगाव हिंडून उड्यांचे खेळ करणारी एक मंडळी आहे, त्यांच्याकडे नव्या माणसांची निवड आहे. निवड झाली की वर्षभर त्यांच्याबरोबर फिरायचं. आणि त्यांना व्हॅन चालवायला माणूसही हवाय म्हणे. (आमचे चिरंजीव काय चालवतात? व्हॅन.) म्हणजे बघ, सून उड्या मारत जाणार, मुलगा तिला घेऊन जाणार, आणि घरात मी, माझी मशीन आणि स्वयंपाकघरातला तो गळका नळ.

तरीही मी पट्टे घेतले. नाही म्हटलं असतं तर सासू आडवी आली म्हणून बोभाटा झाला असता. जुनी शिलाई उसवून ठेवली, सूनबाईला स्टुलावर बसवून पोटऱ्यांची मापं घेतली, आणि मग पाणी प्यायला उठले. दोघं मागच्या पायरीवर बोलत बसले होते. मी मुद्दाम ऐकलं असं समजू नकोस. पाण्याची घागर खिडकीपाशी आहे, आणि माणसाने एक पेला पाणी किती वेळ प्यावं याला काही नियम नाही.

चिरंजीव म्हणत होता, "म्हातारी फार कुरकुर करायला लागलीय गं."

"सांधे गेलेत रे तिचे. तेल घालून घालून किती दिवस रेटायचं?" (माझ्या गुडघ्यांना तेल सूनबाईच चोळून देते, हे ध्यानात ठेव.)

"मग निवड झाल्यावर तिला इथेच ठेवून जायचं?"

"ठेवून काय करायचंय? उगाच जागा अडवते. भंगारवाला घेतोय का विचारून बघ."

धाकटे, पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या घागरीपाशी कळलं. नवरा गेल्यावर याच मशीनवर बॅगा शिवून मी ज्याला वाढवलं, तो मला भंगारात विचारणार होता! आणि तेही थेट नाही, आधी चौकशी करून. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मग तोंड पुसलं आणि तुझ्या मागच्या खोलीचा विचार केला. पश्चिमेची खिडकी आहे, मशीन तिच्याखाली बसेल, ओल तेवढी बघायला हवी. तू हो म्हणशील की यजमानांना पुढे करून टाळशील, याबद्दलही मला शंका होतीच.

आता गंमत बघ, पट्टे अजून माझ्याच हातात. एखाद्या ठिकाणी दोरा जरा कच्चा घेतला की पट्टा ऐन निवडीत उसवणार, बाई सर्वांदेखत आपटणार, आणि मंडळी नको म्हणणार. घर भरलेलं राहील, मीही राहीन. हा विचार माझ्या मनात आला, तुझ्यापासून लपवत नाही. पण कच्चा दोरा आमच्या दुकानात मिळतच नाही, आणला तर हातच चालत नाही. म्हणून मी गाडीच्या सीटबेल्टचा जाड पट्टा घेतला, आतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी दिली, चिकटपट्टीला रजा देऊन चांगली दणकट बक्कलं लावली आणि उलटसुलट दुहेरी शिलाई मारली. हत्तीला बांधलं असतं तरी सुटला नसता.

सूनबाईने ते चढवले. पहिली उडी छान, दुसरी त्याहून छान, आणि तिसऱ्या उडीला दोन्ही पाय एकमेकांना चिकटले आणि बाई हवेतून थेट खाली. नशीब, तिथे मी फोमची कात्रणं वाळत घातली होती. कोपर खरचटलं, बाकी धड. झालं होतं काय, तर बॅगेचं बक्कल नेहमी उजवीकडे असतं. उभ्या जन्मात मी ते दुसरीकडे लावलेलं नाही. त्याच सवयीने दोन्ही पट्ट्यांना उजवीकडेच लावलं, त्यामुळे डाव्या पायाचं बक्कल आतल्या अंगाला आलं आणि उजव्या पायाच्या पट्ट्यात जाऊन अडकलं. शिवाय पट्टेही घट्ट झाले होते. मी आजवर मापं घेतली ती सामानाची, आणि सामान उभं केलं म्हणून फुगत नाही. माणसाची पोटरी उभं राहिल्यावर फुगते, हे मला कोण सांगणार?

पडल्यावर सूनबाई हसत होती. (पडलेलं माणूस हसतं कशाला?) वर म्हणाली, माझंच चुकलं, बक्कल कुठे हवं ते आधी सांगायला हवं होतं. मी मात्र पार हादरून गेले. आजवर मी दूधवाल्यावर संशय घेतला, पोस्टमनवर घेतला, तुझ्यावर तर नियमाने घेते, पण त्या दिवशी मला माझाच संशय आला. ती खरंच सवय होती, की पायरीवरचं ते बोलणं हातात उतरलं होतं? कोपराला औषध लावताना मला तिच्याकडे बघवेना. मशीनला विचारून उत्तर मिळालं असतं तर विचारलं असतं.

मग मी सगळं उसवलं आणि पुन्हा बसले. या वेळी तिला उभी करून, टाचा उचलून चवड्यांवर यायला लावून माप घेतलं. बक्कलं दोन्ही बाहेरच्या अंगाला लावली, पट्ट्याचं टोक लोंबू नये म्हणून कप्पा केला. जाणारच असाल तर जा, पण माझ्या शिलाईवरून पडू नका, अशा रागात शिवलं. रागात माझी शिलाई फार सरळ येते. पट्टा बांधताना सूनबाईने पाय हलवून बघितला आणि चिरंजीवाला म्हणाली, "ऐकलंस? म्हातारीची कुरकुर थांबली!"

मी बक्कल तसंच सोडलं आणि ताडकन उभी राहिले. म्हटलं, म्हातारी इथेच उभी आहे, कुरकुर थांबलेली नाही, आता कुठे सुरू होतेय, आणि भंगारवाल्याला बोलवायचं तर आत्ता बोलवा, मला बॅग भरायलाही वेळ लागणार नाही, घरात बॅगांना तोटा नाही. चिरंजीव पांढराफटक पडला. सूनबाईने त्या स्प्रिंगच्या पायांवर चापट मारली. म्हातारी म्हणजे हे! उडताना करकरतात म्हणून दोघांनी त्यांचं नाव ठेवलं होतं म्हातारी. निवड झाली की मंडळी नवे पाय देणार, म्हणून हे भंगारात.

तू हे ऐकून गप्प बसली असतीस. मी नाही बसले. मी विचारलं, करकरणाऱ्या वस्तूला आणखी शंभर नावं होती, हेच का सुचलं? तेव्हा दोघंही खाली बघायला लागले. शेवटी सूनबाई म्हणाली, "तुमच्यावरूनच ठेवलंय, आई. दिवसभर कुरकुर करते, पण पडू देत नाही."

धाकटे, मी खाली बसले आणि राहिलेलं बक्कल लावलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे ते एक भोक सैल लागलं, ते मागाहून नीट केलं.

निवडीला मीही गेले, पट्ट्यांवर लक्ष ठेवायला. सूनबाईने अशा काही उड्या मारल्या की माझा वरचा श्वास वर आणि खालचा खाली. पट्टे केसभर हलले नाहीत. मंडळीच्या मॅनेजरांनी तिला घेतलं, चिरंजीवाला व्हॅन दिली, आणि मग ते खाली वाकून माझा पट्टा दोन्ही हातांनी ओढायला लागले. कोणी शिवला म्हणून विचारलं आणि म्हणाले, बाई, आमच्या सगळ्यांचे पट्टे झिजलेत, आमच्याकडे पट्टेवाली म्हणून या. मी स्पष्ट सांगितलं की पट्टेवाला म्हणजे शिपाई, मी कोणाला चहा आणून देणार नाही. तिथे सगळे हसले. मला अजून कळलेलं नाही की मला बोलावलं ते शिलाईसाठी, की दोघांनी आधीच कानात सांगून ठेवलं होतं म्हणून. चिरंजीव शपथ घेऊन नाही म्हणतो, पण तो लहानपणापासून शपथ फार पटकन घेतो.

यजमानांना खोकल्यासाठी गरम पाणी देत जा आणि पत्र वाचून झाल्यावर कोणाला दाखवू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. मागची खोली रिकामी ठेवण्याची गरज नाही, खुशाल कांदे भर. मी मंडळीबरोबर निघाले आहे. मशीन सोबत येईल अशी अट घातली होती. मॅनेजर लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच का म्हणाले, ते बघायला हवं.

आणखी एक ता. क. जुन्या पायांसाठी भंगारवाला आला होता, त्याला मी दारातून परत पाठवला. मग कपाटाला धरून ते पाय जरा चढवून बघितले, फक्त पट्टे तपासायला. एवढ्या उंचीवरून कपाटाच्या डोक्यावर कात्री दिसली. माझ्याच रुमालात, मी मारते तशा गाठीने बांधलेली. तुझ्या मुक्कामाच्या आधी तिथे कोणी ठेवली याचा तपास चालू आहे. तूर्त तुझ्यावरचा संशय अर्धा मागे घेते.

शेवटचा ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहूनच गेलं. मी हिंडणार, तेव्हा म्हातारीला सांभाळायला घरचंच माणूस हवं. ती तुझ्याकडे पाठवतेय. दोन्ही पोटऱ्यांची मापं वेगवेगळी कळव. बसून घेऊ नकोस, उभी राहून घे. सुरुवातीला गुडघ्यांची चौकशी केली ती काही उगाच नव्हती.