टेकाड गिळणारा रकाना

गुरुजी, परवा तुमचं टेकाड नाहीसं झालेलं पाहिलं. ते पावसानं वाहून गेलं नाही, जेसीबीनं खणूनही नेलं नाही. माझ्या लेकीच्या परभणीतल्या ऑफिसात, दिवसाढवळ्या, टेबलावर चहा निवत असताना ते सपाट झालं आणि कुणाला काहीच वाटलं नाही. मला मात्र तेव्हापासून मळमळायलंय.

तुम्ही गेलात तेव्हा संगणक हा शब्दसुद्धा आपल्या गावात कुणी ऐकला नव्हता, म्हणून सावकाश सांगतो. माझी लेक इंजिनियर आहे. गावोगावच्या नळयोजना आखते. माझ्या नोकरीत आम्ही ड्रॉइंग ऑफिसात एकेक पाइप शाईनं ओढायचो, श्वास रोखून, तुम्ही शिकवल्यासारखा. आता कुणी काही ओढत नाही. एक तयार तक्ता असतो, त्याला टेम्प्लेट म्हणतात. पाइप जिथं जुळतात त्या प्रत्येक जागेला एक ओळ: नाव, ठिकाण, जमिनीची उंची. दुसऱ्या पानावर पाइप, कुठून कुठं आणि केवढा जाड. तक्ता भरला, बटण दाबलं, की पडद्यावर अख्खं गाव एकदम उगवतं. बोटाला शाई लागत नाही की पायाला माती. पाणी पोचेल तिथं हिरवा ठिपका, न पोचेल तिथं लाल. अट एकच. रकाना रिकामा असला तर तक्ता कबूल होत नाही. खोटं भरलेलं चालतं, रिकामं चालत नाही.

आपल्या गावाची योजना लेकीकडं आली तेव्हा मी हरखलो होतो. रिटायर माणूस, दुपारी तिच्या ऑफिसात जाऊन बसतो. पण गावातल्या उंच्या कुणी मोजून आणल्याच नव्हत्या. लेकीच्या ऑफिसातल्या ऑपरेटरनं शाळेपाशी जी उंची ठाऊक होती ती पहिल्या ओळीत टाकली, चौकटीचा कोपरा धरला आणि सरळ खालपर्यंत ओढला, की तोच आकडा खालच्या सगळ्या ओळींत उतरला. शाळा, पार, वेस आणि टेकाडावरचं तुमचं घर, सगळं एका पातळीत. चहाच्या कपबशा टेबलावर मांडाव्यात तसं गाव. आणि सगळीकडं हिरवंगार.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काका, रिकामं घेत न्हाई ते. सगळेच असं ओढायलेत."

"अरे, पण टेकाड हाय तिथं."

"पडद्यावर कुठं हाय?" तो हसत म्हणाला.

चुकीची किळस येत नाही मला, गुरुजी. चुकणारा निदान काहीतरी करायला गेलेला असतो. किळस आली ती त्या ओढण्याची, त्या सहज हाताची. ओठाला लागलेला चहा पुसावा तसं टेकाड पुसलं त्यानं. मग ते हिरवे ठिपके मला डबक्यावरच्या शेवाळासारखे दिसायला लागले.

आठवतं का तुम्हाला? चौथीचा वर्ग आहे. कविता तुम्हीच शिकवता, चित्रकलाही तुम्हीच. शाळेपासून तुमच्या घरापर्यंतची वाट काढून आणायला सांगितलीय आणि मी पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढून आणलीय. तुम्ही कागद खिडकीच्या उजेडात धरता. "लय गुळगुळीत वाट हाय रे तुझी! आमच्या घराला येताना दम लागतो, तो कुठाय ह्याच्यात?" वर्ग खिदळतो. शाळा सुटल्यावर तुम्ही मला पायथ्याशी उभं करता. नदीची कविता म्हणत चढ, थांबू नको. चिंचेपाशी माझी ओळ मध्येच तुटते. "हां, इथं खूण कर," तुम्ही म्हणता, "चढ इथं हाय." वर तुमच्या स्वयंपाकघरात काकू तांब्या पुढं करतात आणि हळूच सांगतात, "सगळं पिऊ नको बरं का बाळा, खालच्या विहिरीवरून आणलंय." तुम्ही माझ्या कागदाकडं बोट दाखवता. "हे बी त्याच्यात आलं पाहिजे."

लेकीला मी एवढंच म्हणालो, की हे असं जाऊ द्यायचं नाही.

"अप्पा, उद्या फाइल द्यायचीय. कविता नका सांगू आता."

"कविता न्हाई सांगत. आमच्या गुरुजींची सून आजबी डोक्यावर हंडा घेऊन चढते."

"पडद्यावरचं मॉडेल पास झालंय, अप्पा."

"मॉडेल पास झालं. पाणी नापास व्हईल."

 तिनं गाडीची किल्ली उचलली. "चला. पण वाटेत कविता न्हाई."

गावात मोजणीची दुर्बीण लावून आम्ही उंच्या मोजल्या. मी पायथ्यापासून ती नदीची कविता पुटपुटत चढून पाहिलं, पण आता वय झालंय. चिंच राहिली लांब, दुसऱ्याच ओळीला दम गेला. म्हणून दुर्बिणीवरच भरवसा ठेवला. तुमची सून हंडा घेऊन वर चालली होती. "काय मोजायलात ओ?"

"नळ यायचाय वर."

"आमच्याकडं?" ती हसली आणि न थांबता पुढं गेली. थांबली असती तर हंडा उतरवावा लागला असता.

खऱ्या उंच्या तक्त्यात गेल्या आणि टेकाड उभं राहिलं. लालभडक. शाळेजवळच्या टाकीचं पाणी वर चढणारच नव्हतं. लेकीनं तसं कळवलं, तर काम देणाऱ्या वरच्या कंपनीतल्या साहेबाचा फोन आला. "मॅडम, लाल कसं चालेल? हिरवं करून पाठवा ना." बाजारात पिशवी बदलून मागावी असा आवाज.  आणि ऑपरेटरचा हात, कुणी काही न सांगता, आपोआप त्या कोपऱ्याकडं गेला.

"हात काढ," लेक म्हणाली.

तिनं लाल ते लालच पाठवलं, टेकाडावर वेगळी टाकी पाहिजे असं लिहून. त्याचं पुढं काय होईल कोण जाणे. चौकटीला कोपरा त्यांच्याकडंही असतोच.

एक मात्र तुम्हाला सांगून टाकतो. हे पत्र मला शाईनं लिहायचं होतं, तुम्हाला आवडायचं तसं, समास सोडून. पण ह्या वयात रेघ धरवत नाही. लेक जेवायला गेलीय आणि तिच्या संगणकावर मला उघडता येतो तो एकच तक्ता. हे सगळं मी त्याच्यातच लिहिलंय, एकाखाली एक रकाना भरत, आणि खोटं कशाला बोलू, बोटांना बरं वाटलं. शेजारी तुमच्या पत्त्याचा रकाना केलाय. तो तेवढा रिकामा आहे.