बाभळीच्या गाठी आणि तुमचा शब्द

प्रिय नाना,

"मंग तूच सांग नानाले," असं म्हणून तुमचा लाडका लेक बापू काल तणतणत घरात निघून गेला. म्हणून लिहायला बसले. तुमचं वर्षश्राद्ध उरकलं की बांधावरची बाभूळ तोडायची, असं भाऊबंदांनी ठरवलंय. मी तोडू देणार नाही. घ्या, सांगितलं.

तुम्ही गेलात त्याच्या थोडं आधी चारी खणताना बाभळीची मुळं उघडी पडली आणि त्यांवर गाठी दिसल्या. तुम्ही तिथेच म्हणालात, "हाई रोगनं घर शे, काढी टाका." मग आजारीच पडलात. तेच वाक्य आता तुमची शेवटची इच्छा होऊन बसलंय.

तुमची भीती मला कळते. सूत्रकृमींनी डाळिंबाची मुळं अशीच गाठाळली आणि अख्खी बाग तुम्हाला उपटावी लागली. ती पेटवली त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, आणि मायनेही ताट तसंच झाकून ठेवलं होतं. पण नाना, गाठ दिसली की रोगच? एवढी घाई तुम्हाला शोभते का?

मी बाभळीची थोडी मुळं शिंदखेड्याहून जळगावला, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. रोगाची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते वेगळं निघत नाही. ही गाठ बोटाने ढकलली की सुटते. नखाने फोडली तर आत लालसर. त्यात जिवाणू राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाडाची साखर खातात. युरियाच्या गोणीतून आपण जे विकत आणतो, तेच हे मुळाशी बसून बनवतात.

आणि एकाच जातीचे नाहीत बरं! एका गाठीतले काचेच्या बशीत दोन-तीन दिवसांत दुधासारखे चिकट पसरले. दुसरीतले आठवडाभर हलेनात, मग खसखशीएवढे ठिपके दिसले. नाल्याकडच्या मुळांत एक, वावराकडच्या मुळांत दुसरे. विहिरीजवळच्या करंजात तर तिसरेच निघाले. अंजनाच्या झाडाखालीही उकरून पाहिलं, तिथे एकही गाठ नाही. असं गणगोत पोसणं प्रत्येक झाडाच्या नशिबात नसतं.

तुम्ही कधी एकाच वाणाचा कापूस लावलात? "एक रुसना तं दुसरा तारी," हे तुम्हीच म्हणायचात ना? मग कोरड्या वर्षी यांतला एक रुसला, तर दुसरा तारील, हे तुम्हाला मी समजावून सांगायचं?

बापूला सगळं दाखवलं. त्याने स्वतः गाठ सोडवली, फोडली, अंगठ्याला लागलेला लाल रंग बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुन्हं खरं व्हई. पन नानाना शब्द कसा मोडाना?"

मला तेव्हा रडू आलं आणि रागही आला. बापूचा नाही, तुमचा. जिवंत होतात तोवर तुमचा कुठला शब्द टिकला? मला जळगावला शिकायला पाठवायचं नाही म्हणालात, आणि पंधरा दिवसांनी स्वतःच माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी. स्टँडवर आलात. ठिबक म्हणजे नसते लाड म्हणालात, आणि गावात पहिलं ठिबक आपल्याच वावरात आलं. भांडायचात, दोन दिवस गप्प बसायचात, मग मुकाट्याने बदलायचात. आता ते दोन दिवस तुम्हाला मिळत नाहीत, म्हणून तुमची एक चूक सगळ्यांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवायची? हा तुमचा मान नव्हे. मला तर हा तुमच्यावरचा अन्याय वाटतो.

तेव्हा ऐका. वर्षश्राद्धाला पंगत बसली की मी सगळ्यांसमोर म्हणणार आहे, "नाना चुकले होते." काका उठून जातील, जाऊ देत. बापू माझ्या शेजारी उभा राहील की नाही, ठाऊक नाही. न राहिला तर मी एकटी बाभळीखाली जाऊन बसेन. कुऱ्हाड पडणार नाही, हा शब्द माझा. तुम्हाला आता मत बदलता येत नाही ना? मग तुमच्या वतीने ते मी बदलते.

तुमच्याशी अजूनही भांडणारी तुमची लेक,
मंगल