आत्याचा आवाज आणि रानडुकरं

तीर्थरूप आत्या,

काठी आणि बॅटरी बाजूला ठेवून मचाणावरूनच वाकून नमस्कार करतो. (जास्त वाकलो तर खाली मक्यात पडेन.) गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला? आणि तुझा राग? पहिल्या दोहोंचं सवडीने कळव, रागाचं लगेच कळव.

तुझ्या कानावर अर्धीच गोष्ट आली आहे. अभयारण्याला लागून आपला मका, म्हणजे रानडुकरांना घरपोच जेवण. (थांब, काहीतरी हललं. नाही, वारा.) बुजगावणं उभं केलं, तर ती त्याच्याच सावलीत लोळली. फटाके वाजवले, तर डुकरं ढिम्म आणि शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून पसार. ती शोधायला मलाच जावं लागलं. शेवटी शेजारी वैतागून कुंपणात वीज सोडायला निघाला. वनरक्षक हात जोडत होते, की असलं काही करू नका, जनावर मरेल, एखाद दिवशी माणूसही मरेल. त्यापेक्षा माणसाचं बोलणं लावून ठेवा, जनावर त्याला जास्त भितं.

आता सलग बोलणं आणायचं कुठून? बाबा तर बोलतच नाहीत. बातम्या लावल्या, तर मलाच झोप लागली. तेव्हा फोनमधले तू बोलून पाठवलेले मेसेज आठवले. आत्या, तुझा सगळ्यात छोटा मेसेजसुद्धा चहा उतू जाईपर्यंत चालतो! स्पीकरला लावले. "अरे, ऐकतोयस का? माझं कुणी ऐकतच नाही!" एवढं झालं आणि अख्खा कळप शेपट्या वर करून जंगलात. शेजाऱ्याने तार गुंडाळली आणि तुझे मेसेज मागून नेले. (आईच्या स्वयंपाकाबद्दल तू जे बोललीस, ते आता सगळ्या शिवाराला पाठ आहे.)

यात अपमान कसला? पण कुणीतरी चहाडी केली आणि तू फोन घेणंच बंद केलंस. इकडे तेच तेच ऐकून डुकरं सोकावली. काल एकाने "ऐकतोयस का"ला मान वर केली आणि परत खायला लागलं. शेजाऱ्याने तार पुन्हा बाहेर काढली आहे, माझ्या जिवाला चैन नाही. (पुन्हा हललं. या खेपेला वारा नाही!) तेव्हा कृपा कर, काहीतरी ताजं बोलून पाठव.

तुझा,
मचाणावरचा भाचा

ता. क. रागवायला विषय हवा असेल तर, तू दिलेली शाल मी स्पीकरवर पांघरली आहे.

आणखी ता. क. पत्र खिशातच राहिलं. दरम्यान मका घरात आला, तार माळ्यावर गेली. पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईच मचाणावर चढली आणि स्वयंपाकाच्या मेसेजला तिने मोठमोठ्याने उत्तरं दिली. दोघींचं भांडण डुकरांना झेपलं नाही. मग रोज तेच.

शेवटचं ता. क. काल स्पीकर काढायला गेलो, तर आईने हात धरला. शेत रिकामं आहे, डुकरं फिरकत नाहीत, तरी संध्याकाळी ती बांधावर जाऊन बसते आणि तुझ्याशी भांडते. मध्येच तुझा फोन आला का ते बघते. आम्हाला बघवत नाही. मेसेज नको आत्या, तूच ये.