डेगीचं झाकण

प्रिय मल्लेश,

आशीर्वाद मागनं, आधी ऐक. तुझा निरोप पोचला. फोन केला न्हाय, कारण परंड्याला अण्णाच्या हापिसात तू मला फोनवर पुरतं बोलू देत न्हाईस. चौथी शिकलेय, चुका काढत बसू नको. इकडं म्हैस व्याली, रेडी झाली. माळवदावरचा पत्रा गळत हुता, तो शरणप्पानं बसवून दिला, मजुरी घेतली न्हाय.

आता भंडाऱ्याचं. श्रावणी सोमवारी दिवसभर उपास धरायचा आन् सांजच्याला नैवेद्य दाखवून महादेवाच्या देवळातच सोडायचा, ही आपली रीत. पहिल्या वर्षी शंभुलिंगअण्णानं तांदूळ दिला, म्हणून लोक आपणहून म्हणले, जरा थांबू, अण्णाला येऊ द्या. दुसऱ्या वर्षी त्याची गाडी दिसल्याबिगर डेगीचं झाकण निघंना. मग पुजारीच सांगाया लागला की देवाला बी घाई न्हाय. कुणी कुणाला मारलं न्हाय, दम दिला न्हाय. एकाला विहीर मंजूर करून पायजे हुती, एकाला पोरगं सोसायटीत चिकटवायचं हुतं. वाईट माणसं न्हाईत रे ही. ह्योच शरणप्पा सरपंचकीच्या टायमाला मुक्ताबाईच्या दारात बसून ऱ्हायला, तिनं अण्णाच्या इरोधात अर्ज भरू नये म्हणून. गावात तंटा नको, म्हणला. अण्णा बिनविरोध आला. गुलाल उधळला, पेढे वाटले. मुक्ताबाईनं बी एक पेढा घेतला.

यंदा डेगीपाशी तू हुतास, छातीला अण्णाचा बिल्ला लावून. दिवे लागून गेले तरी गाडी न्हाय. मुक्ताबाईची सून भुवनेश्वरी, पोटुशी बाई, बसल्या जागी कलंडली. बायांनी वारा घातला, तोंडावर पाणी मारलं. वाढायला कुणी उठंना. तू माझ्याकडं बघून मान हलवलीस, नको म्हणून. म्या झाकण काढलं. आधी तिला वाढलं, मग ज्यांनी पत्रावळ पुढं केली त्यांना. लई जणांनी केली न्हाय. काहींनी केली.

अण्णा आला तवा ओरडला न्हाय. गोडीत इचारलं, "रुद्रम्मा, कुणाला इचारून वाढलंत?"

"भात शिजला हुता," म्या म्हणलं.

मागं कुणीतरी हसलं. भाताचं अण्णानं सोडलं असतं. ते हसणं त्याला झोंबलं.

आता तू कळवलंस की अण्णानं बजावलंय, आईच्या हातची माफी लिहून आण, न्हायतर कामावर येऊ नको. तुझी नोकरी जाईल, ठाऊक हाय मला. ढोकीची सोयरीक बी मोडंल. म्या रडून घेतलंय, ते झालं. माफी मातर न्हाय. येत्या सोमवारी बी भात शिजला की मी वाढणार. तवा पंगतीत बसायचं का बिल्ला लावून मला अडवायचं, ते तुझं तू ठरव. अडवलंस तर तुला ढकलून वाढीन. अण्णाला माझ्या हातचा कागद पायजे हुता, ह्योच तो कागद. त्याच्या हातात दे. पाकीट चिकटवलं न्हाय. एसटीच्या कंडक्टरजवळ देतेय, वाटंत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तुझीच आई,
रुद्रम्मा
(सही माझी हाय. कुणी हात धरून केलेली न्हाय.)