साहेबांचं विमान आणि आमचा जीवन

१२ एप्रिल १९९८, रविवार
जीवन आज पुन्हा विमानात बसला! माझ्या या नवऱ्याला नोकरी मिळाली ती आमराईवाल्या साहेबांच्या धावपट्टीवरची गुरं हाकायची. आता साहेबांना वर जाताना सोबत लागते म्हणे, मधेच सुकाणूही धरू देतात. उतरला तो हवेतच — "शीतल, आपलं डोळखांब तळहाताएवढं दिसतं गो!" मला जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल
विमान तपासायला आलेला मुंबईचा मेकॅनिक जीवनला म्हणाला — असली छोटी विमानं यंत्र बिघडून कमी पडतात, माणसाच्या घाईनं जास्त. धुरकट हवा, जादा वजन, आणि "पोचतो रे" म्हणणारा पायलट. म्हणजे आमचे साहेबच की! पण त्यांना नाही कोण म्हणणार?

२६ एप्रिल
वारा फार. उड्डाण नाही. रोज असाच सुटो.

२ मे
भांडले. "नको जाऊस वर." तर म्हणतो, "मंग काय वीटभट्टीवर जाऊ?" सासूबाई त्याच्याच बाजूच्या. मी एकटीच भित्री ठरले. आहेच मी भित्री.

३ मे, रविवार
शिवारभर राब पेटलेत. पेरणीआधी जमीन भाजायचे दिवस, कोणाला थांबवणार? समोरचा डोंगर धुरात गेला. साहेबांना आंब्याच्या सहा पेट्या घेऊन नाशिक गाठायचं होतं.

जीवन सायकलवर टांग टाकून निघाला. "अरे, डोंगर दिसत नाय!" — ओठांवर आलं होतं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. सासूबाई दारातच होत्या. गिळलं.

साडेनऊला विमान वर गेल्याचा आवाज आला. मग डोंगराकडून धाडकन एकच. पुढे काहीच नाही. सासूबाई तिकडं धावल्यात, मीही निघाले.

४ मे
साहेब गेले. जीवन आहे! पाय मोडलाय, शुद्ध नाही. शहापूरच्या दवाखान्यात आहोत. सासूबाई येईल त्याला सांगतात, "सुनेनं टोकलं नाय, म्हणून पोर वाचलं." मला माझीच लाज वाटते. एक हाक मारली असती तर साहेबही असते.

५ मे
डोळे उघडले. पाणी प्याला. माझ्याकडे बघत नाही.

६ मे
जीवन बोलला. अगदी कानाशी. "शीतल, इमान मीच चालवत व्हतो. साहेबांनी धुरात नको सांगितलं, मीच बोललो, पोचतो."

बाहेर साहेबांच्या बाई आल्यात. आमची माफी मागायला.